ड्रेकची नळी

घराघरांतून रॉकेलचा डबा आता जवळजवळ गेलाच आहे. शब्द मात्र अजून गेलेला नाही. आमच्या आजीच्या तोंडी तो दिवसातून एकदा तरी येतोच. रॉक ऑइल, म्हणजे खडकातले तेल, हे इंग्रजी नाव आपल्या लोकांच्या जिभेवर घासून घासून रॉकेल झाले. अमेरिकेत ज्या मंडळींनी हे खडकातले तेल भोक पाडून काढण्याचा धंदा मांडला, त्यांच्या कंपनीचे नावही पेनसिल्व्हेनिया रॉक ऑइल कंपनी असेच होते. त्या धंद्यासाठी जागेवर जो माणूस पाठविण्यात आला तो ना भूगर्भशास्त्रज्ञ होता, ना इंजिनियर. तो होता आजारपणामुळे नोकरी सुटलेला एक रेल्वे कंडक्टर. एडविन लॉरेंटाइन ड्रेक हे त्याचे नाव. तेलाच्या इतिहासाची बहुतेक पुस्तके त्याच्यापासून सुरू होतात.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने तेलविहिरीवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण माझे आजोळ. मध्य प्रदेशात सौंसर तालुक्यात जामसांवली हे माझ्या आईचे गाव. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते, २०२३ सालापासून पांढुर्णा जिल्ह्यात आहे. आडव्या झोपलेल्या हनुमंताच्या मूर्तीमुळे गावाचे नाव दूरवर गेले आहे. मंगळवारी, शनिवारी नागपूरकडूनही गाड्या येतात. आजोबांची तेथे संत्र्याची बाग आहे, आणि संत्र्याची बाग म्हटली की पाणी आले, पाणी म्हटले की बोअर आले. त्या बोअरच्या बिलात फुटाच्या भावाने लावलेली केसिंगची एक ओळ असते. ती ओळ मी अनेक वर्षे पाहत आले होते. ड्रेकची हकीकत वाचली तेव्हा तिचा अर्थ लागला.

ड्रेकचा जन्म २९ मार्च १८१९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ग्रीनव्हिल येथे झाला. घर शेतकऱ्याचे. बालपण तेथे आणि नंतर व्हर्माँट राज्यातील कॅसलटन येथे गेले. शिक्षण बेताचेच. एकोणिसाव्या वर्षी त्याने घर सोडले आणि मग पोटासाठी पडेल ते काम केले: बोटीवर रात्रपाळीचा कारकून, हॉटेलात कारकून, कापडाच्या दुकानात विक्रेता, रेल्वेत पार्सलचा एजंट, आणि शेवटी न्यूयॉर्क ते न्यू हेवन या मार्गावर कंडक्टर. पहिली पत्नी फिलेना १८५४ साली वारली. १८५७ मध्ये त्याने लॉरा डाउड हिच्याशी लग्न केले. त्याच वर्षी पाठीच्या कण्याच्या दुखण्याने तो खिळला आणि नोकरी सुटली. वय अडतीस, संसार नवा, हातात काम नाही. जमेच्या बाजूला एकच गोष्ट होती. रेल्वेने त्याच्याकडे फुकट प्रवासाचा पास राहू दिला होता.

तेलाची गोष्ट तोवर दुसरीकडे शिजत होती. पेनसिल्व्हेनियाच्या वायव्य भागात टायटसव्हिल नावाचे लाकूडतोड्यांचे लहानसे गाव होते. त्याच्या जवळून वाहणाऱ्या ओढ्याच्या पाण्यावर तेलाचा तवंग येई, म्हणून त्या ओढ्याचे नावच ऑइल क्रीक पडले होते. लोक घोंगडी बुडवून ते तेल टिपीत आणि पिळून बाटल्यांत भरीत. सांधेदुखीवर चोळावयाचे ते औषध. जॉर्ज बिसेल या वकिलाने त्याचा नमुना पाहिला आणि त्याच्या मनात आले की, हे जळते तर याने दिवे का लागू नयेत? त्या काळी देवमाशाच्या तेलावर दिवे जळत आणि ते तेल महाग होत चालले होते.

बिसेल आणि त्याच्या भागीदारांनी येल विद्यापीठाचे प्राध्यापक बेंजामिन सिलिमन, धाकटे, यांच्याकडून नमुन्याची रासायनिक तपासणी करून घेतली. प्राध्यापकमजकुरांनी बिल केले ५२६ डॉलर ८ सेंटचे, आणि पैसे हाती पडेपर्यंत अहवाल काही सोडला नाही! आमच्या वर्गात उधारीच्या धोरणावर व्याख्यान होते तेव्हा मला सिलिमनच आठवतात. १८५५ साली अहवाल बाहेर पडला. या तेलापासून ऊर्ध्वपातनाने उत्तम दिव्याचे तेल होते, असा त्याचा निष्कर्ष होता. माल चांगला होता, बाजार तयार होता. पण घोंगड्या पिळून कारखाना चालत नाही. जमिनीतून तेल भरपूर काढावयाचे कसे, हा प्रश्न उरला. मीठ मिळविण्यासाठी लोक खाऱ्या पाण्याच्या विहिरी खोल भोक पाडून काढीत, आणि तेथे कधी कधी नको असताना तेल वर येई. तीच रीत तेलासाठी वापरावी, असे ठरले.

कंपनीचा मुख्य आधार होता न्यू हेवनचा बँकर जेम्स टाउनसेंड. तो आणि ड्रेक एकाच हॉटेलात उतरलेले. ड्रेकने शिल्लक टाकलेल्या पैशांतून २०० डॉलरचे शेअर घेतले होते. टाउनसेंडने त्यालाच टायटसव्हिलला जावयास सांगितले. ड्रेकची निवड का झाली याची अनेक कारणे इतिहासकार देतात. मला त्यांतले फुकट पासाचे सर्वांत खरे वाटते, प्रवासखर्चाची बचत ही कोणत्याही नव्या कंपनीला मोहात पाडणारी गोष्ट आहे. डिसेंबर १८५७ मध्ये तो तेथे पोहोचला तर टपालात त्याच्या नावाची पत्रे आधीच येऊन पडलेली, आणि पत्त्यावर लिहिलेले कर्नल ई. एल. ड्रेक. सैन्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. गावकऱ्यांवर छाप पडावी म्हणून टाउनसेंडनेच ही पदवी पत्त्यात घुसडली होती. छाप पडली, आणि पदवी मरेपर्यंत, किंबहुना मेल्यानंतरही, त्याला चिकटून राहिली.

१८५८ च्या मार्चमध्ये सेनेका ऑइल कंपनी स्थापन झाली आणि ड्रेक तिचा एजंट झाला. पगार वर्षाला १,००० डॉलर. त्याने प्रथम साध्या विहिरीसारखा खड्डा खणावयास घेतला. ओढ्याकाठची जमीन म्हणजे वाळू, गोटे आणि पाणी. खड्ड्यात पाणी भरे, कडा ढासळत, माणसे जीव वाचवून बाहेर येत. तो बेत सोडावा लागला. मग त्याने सहा अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन आणविले. भोक पाडणारा कारागीर मात्र मिळेना. जो कबूल होई तो येत नसे. तेलासाठी भोक पाडणारा हा कर्नल डोक्याने जरा अधू असावा, असे त्या कारागिरांना वाटत असे म्हणतात. १८५९ च्या वसंतात विल्यम स्मिथ हा लोहार मुलाबाळांसह आला. मिठाच्या विहिरींची हत्यारे घडविण्यात त्याचा हात बसलेला होता. लोक त्याला अंकल बिली म्हणत. रोजी अडीच डॉलर.

त्या काळची भोक पाडण्याची रीत आपल्या उखळ-मुसळाची आहे. दोराला जड लोखंडी छिन्नी बांधावयाची, इंजिनाने ती उचलावयाची आणि खाली सोडावयाची. खडकाचा चुरा पाण्यात कालवून मधून मधून उपसावयाचा. खडकात ही रीत उत्तम चालते. पण खडक लागण्याआधी जो भुसभुशीत थर असतो, तेथे छिन्नी वर उचलली की भोवतालची वाळू भोकात येते. जितके खणावे तितके भरते. महिनाभर काम करा, भोक तेथल्या तेथे. ड्रेकचे सारे भांडवल या वाळूत जिरत होते.

येथे त्याने केलेली गोष्ट ऐकावयास फार साधी आहे. त्याने ओतीव लोखंडाच्या दहा-दहा फुटी नळ्या आणविल्या आणि त्या एकामागून एक, जड लाकडी ठोकळ्याचे घाव घालून, सरळ जमिनीत ठोकावयास सुरुवात केली. आधी भोक, मग नळी, असे नव्हे. नळीच पुढे जाईल आणि तिच्या आतली वाळू मागाहून काढली जाईल. बाहेरची माती कितीही ढासळू द्या, आत येण्यास तिला वाटच नाही. बत्तीस फुटांवर नळी खडकाला टेकली. त्यापुढे छिन्नी या नळीच्या आतून गेली आणि खडकात दिवसाला सुमारे तीन फूट या वेगाने भोक उतरू लागले.

हे सर्व ड्रेकच्या डोक्यातून प्रथमच निघाले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. ते तितकेसे खरे नाही. चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वी मिठाच्या विहिरींत पोकळ बांबू उतरवीत. खुद्द अमेरिकेत कनॉवा नदीकाठी रफनर बंधूंनी १८०८ च्या सुमारास सिकॅमोर झाडाचे पोकळ खोड खडकापर्यंत उतरविले होते आणि त्यातून खाऱ्या पाण्यापर्यंत भोक नेले होते. तेलाचे पहिले भोकही ड्रेकचे नव्हे. कास्पियन समुद्राकाठी बाकूजवळ बीबी-हैबत येथे १८४० च्या दशकात तसे भोक पाडून तेल काढले होते. मग ड्रेकचे काय राहिले? माझ्या मते पुष्कळ राहिले. लोखंडी नळी ठोकत नेऊन ढासळत्या थरातून तेलापर्यंत जाता येते, ही गोष्ट त्याने सर्वांच्या डोळ्यांसमोर करून दाखविली, आणि तीही अशा वेळी की जेव्हा तिच्या मागे बाजार उभा होता.

ही नळी म्हणजेच केसिंग. कन्नडमध्ये बोअरला कोळवे बावी म्हणतात; कोळवे म्हणजे नळी, बावी म्हणजे विहीर. आपल्या सरकारी मराठीत कूपनलिका. दोन्ही भाषांनी नाव देताना पाण्यापेक्षा नळीकडे लक्ष दिले, याचे मला कौतुक वाटते. व्यवहारात मात्र लक्ष देतातच असे नाही. जामसांवलीच्या बागेतल्या एका बोअरला वरची काळी माती आणि तिच्या खालचा मुरूम धरून चाळीस फूट केसिंग लागेल, असे सांगण्यात आले होते. बिल वाढते म्हणून ते तीस फुटांवर भागविण्यात आले. बोअरवालाही पुढच्या गावी जाण्याच्या घाईत. पहिला उन्हाळा झकास गेला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाण्याबरोबर गढूळ मुरूम येऊ लागला, आणि एके दिवशी आत उतरविलेली मोटार गाळात अडकली ती निघालीच नाही. दोरखंड, साखळी, पुली, सर्व प्रकार झाले. आजोबा बांधावर बसून होते. त्यांनी कोणाला एक शब्दही बोलून दाखविला नाही. त्या वर्षी आंबिया बहराची झाडे टँकरच्या पाण्यावर जगवावी लागली आणि टँकरचा हिशेब मीच वहीत लिहीत होते. दहा फूट नळीचे वाचलेले पैसे त्या हिशेबात चार दिवसांत बुडाले.

तेलाच्या खोल विहिरींत ही गोष्ट शतपटीने मोठी होते. तेथे भोक हजारो मीटर जाते आणि वाटेत अनेक प्रकारचे थर लागतात: कोठे सुटी वाळू, कोठे फुगणारी माती, कोठे असा भेगाळ खडक की भोकात फिरविलेला दाट चिखल तो पिऊनच टाकतो. म्हणून आधी मोठ्या व्यासाची नळी उतरवून तिच्या बाहेरची फट सिमेंटने भरतात. तिच्या आतून लहान भोक, त्यात लहान नळी, पुन्हा सिमेंट, असे करीत खाली जातात. दुर्बिणीच्या नळ्या एकीत एक बसाव्यात तसे. मुंबईपासून दूर अरबी समुद्रात फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या जहाजवजा मंचावरून बॉम्बे हायचे तेल लागले. तेथेही समुद्राच्या तळाखाली अशाच नळ्या उतरविलेल्या आहेत.

यात एक अडचण नेहमीची. भोक पाडून झाले की छिन्नीचा सर्व दांडा बाहेर काढावयाचा आणि मग नळी उतरवावयाची. या मधल्या वेळात भोक उघडे राहते, आणि बहुतेक विघ्ने तेव्हाच येतात. कडा ढासळतात, नळी मध्येच अडकते. म्हणून अलीकडे काही ठिकाणी दांडा वगळून नळीच फिरवितात. तिच्याच टोकाला छिन्नी बसविलेली असते, भोक पडत जाते आणि नळी त्याच क्षणी आत असते. फिरणाऱ्या नळीने खडकाचा बारीक चुरा भोकाच्या भिंतीवर लिंपला जातो आणि भेगा बुजतात, असाही फायदा आढळला. आपण भिंत शेणामातीने लिंपतो तसेच हे. टेक्सासच्या दक्षिण भागात या शतकाच्या आरंभी अशा पुष्कळ विहिरी पाडल्या गेल्या. इंजिनियर लोक त्याला नवे तंत्र म्हणतात, आणि यंत्रे नवी आहेतच. पण भोक आणि नळी यांच्यामध्ये वेळच जाऊ द्यावयाचा नाही, हे वाळूच्या थरापुरते का होईना, १८५९ मध्ये ऑइल क्रीकच्या काठी घडले होते.

त्या काठी पैसे मात्र संपत आले होते. भागधारकांनी हात आखडते घेतले. काही काळ टाउनसेंड स्वतःच्या खिशातून पाठवीत राहिला. ड्रेकने गावातल्या दोघा मित्रांच्या जामिनावर ५०० डॉलर कर्ज काढले. शेवटी टाउनसेंडनेही शेवटची रक्कम आणि देणी भागवून काम बंद करण्याचे पत्र रवाना केले. ते पत्र ड्रेकच्या हाती पडण्याआधीच काम झाले होते, असे सांगतात. शनिवार, २७ ऑगस्ट १८५९. साडेएकोणसत्तर फुटांवर छिन्नी एका फटीत सहा इंच खाली घसरली. दिवस मावळत आला होता, माणसे हत्यारे काढून घरी गेली. दुसऱ्या दिवशी रविवार. अंकल बिली सहज डोकावला तर नळीत थोड्याच फुटांवर काळे तेल तरंगत होते. कारंजे नाही, स्फोट नाही. हातपंप लावून ते उपसावयाचे होते. गावात जेवढे पिंप मिळाले तेवढे भरले.

बातमी फुटल्यावर जोनाथन वॉटसन या लाकडाच्या व्यापाऱ्याने घोडा काढला आणि ओढ्याकाठच्या जमिनी भाड्याने घेत सुटला. बिसेलनेही तेच केले. ड्रेकने काय केले? तो आपल्या विहिरीवर पंप चालवीत राहिला. ७ ऑक्टोबरला स्मिथ दिवा घेऊन तेलाच्या टाकीजवळ गेला आणि सर्व काही जळून गेले. ड्रेकने ते पुन्हा उभारले. जमिनी घेतल्या नाहीत, नळीचे पेटंटही घेतले नाही. पोकळ खोडाचे आणि बांबूचे दाखले असताना ते टिकले असते का, याची मला शंका आहे. पण अर्जसुद्धा न करणे म्हणजे जरा अतीच झाले. १८६० साली कंपनीने त्याला कामावरून दूर केले.

पुढील तीन वर्षे तो टायटसव्हिलमध्येच होता. न्यूयॉर्कच्या एका व्यापारी पेढीसाठी तेल खरेदी करी आणि गावचा जस्टिस ऑफ द पीस म्हणूनही काम पाही. जमिनींच्या व्यवहाराचे दस्तऐवज त्याच्यापुढे येत. इतरांच्या भाडेपट्ट्यांवर सही-शिक्के करून तो फी घेत होता, आणि त्याच जमिनींतून पैसे उगवत होते. अर्थात सर्वांचेच भले झाले असे नाही. १८६० च्या आरंभी पिंपाला सुमारे २० डॉलर भाव होता, तो १८६१ अखेर १० सेंटवर आला. मागणी-पुरवठ्याचा याहून झणझणीत धडा आमच्या पाठ्यपुस्तकातही नाही. त्याच १८६१ साली ड्रेकची विहीर बंद पडली.

१८६३ मध्ये तो साठविलेले काही हजार डॉलर घेऊन न्यूयॉर्कला गेला आणि तेलाच्या शेअरांच्या दलालीत पडला. दोन-तीन वर्षांत सर्व गेले. ज्याने शेकडो लोकांच्या पायाखालून तेल काढण्याची वाट मोकळी केली, तो कागदी तेलात बुडाला. पाठीचे दुखणे उलटले. चालणे अवघड झाले. लॉरा शिवणकाम करून घर चालवी, अशी त्या काळची हकीकत आहे. कधी व्हर्माँट, कधी न्यू जर्सीचा समुद्रकिनारा, असे बिऱ्हाड हलत राहिले. १८६९ साली कामाच्या शोधात न्यूयॉर्कला आला असता टायटसव्हिलच्या एका जुन्या ओळखीच्या गृहस्थाने त्याला रस्त्यात पाहिले आणि त्याची दशा गावी जाऊन सांगितली. टायटसव्हिलकरांनी चार हजारांवर डॉलर गोळा करून दिले. गावांविषयी लोक काहीही बोलोत, या गावाने आपला कर्नल ओळखला.

त्या पैशांवर कुटुंब पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम येथे गेले. १८७३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने त्याला वर्षाला १,५०० डॉलरचे निवृत्तिवेतन मंजूर केले. एव्हाना पेनसिल्व्हेनियाचे तेल जगभर जात होते. इकडे आसामातही माकूम येथे २६ मार्च १८६७ रोजी ११८ फुटांवर तेल लागलेले होते. ड्रेक तोवर चाकाच्या खुर्चीला खिळला होता. नोव्हेंबर १८८० मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, तो बेथलेहेम येथे वारला. तेथेच त्याचे दफन झाले.

नव्या शतकाच्या आरंभी स्टँडर्ड ऑइल या बलाढ्य कंपनीतले हेन्री रॉजर्स यांनी टायटसव्हिलच्या दफनभूमीत त्याचे भव्य स्मारक बांधविले. त्यात गुडघा टेकून घण उगारलेल्या भोक पाडणाऱ्याचा ब्राँझचा पुतळा आहे. १९०२ साली ड्रेकचे अवशेष बेथलेहेमहून आणून तेथे ठेवण्यात आले. दगडावर नाव कोरलेले आहे ते कर्नल ड्रेक असेच.